योसेमिटी ते लॉस एंजेलिस : फक्त प्रवास

कॅलिफोर्नियाच्या सात दिवसांच्या सहलीचा आराखडा कुठल्याही कंपनीचा घ्या, नाहीतर नातेवाइकांनी व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेला घ्या. त्यात मधल्या एखाद्या दिवशी एक ओळ असतेच : ‘नाश्ता करून योसेमिटीहून लॉस एंजेलिसकडे प्रस्थान. प्रवास अंदाजे सहा तास. संध्याकाळी हॉटेलवर आराम.’ बाकीच्या दिवसांना ठळक अक्षरांत नावं आहेत, फोटो आहेत, तिकिटाच्या वेळा आहेत. या दिवसाला काहीच नाही. ती ओळ वाचली की खटकते, आणि वाचून पुढे गेलं तरी खटकत राहते. कारण ते सहा तास ज्या जमिनीवरून जातात तिथे फ्रेझ्नो आहे, टुलेरी आहे, बेकर्सफील्ड आहे. लाखो माणसांचे संसार तिथे आहेत, आणि त्या सगळ्यांचा पत्ता कॅलिफोर्निया हाच आहे.

तिथल्या लोकांशी या आराखड्यांबद्दल बोललं की तक्रार वेगळीच निघते. गोल्डन गेट, हॉलिवूड, योसेमिटी ही नावं चुकीची आहेत असं कुणी म्हणत नाही. घरी पाहुणे आले की तेही तिथेच घेऊन जातात. त्यांना बोचतं ते दोन ठिकाणांच्या मधलं. आराखडा बनवणारा आधी विमानतळ बघतो, मग प्रसिद्ध जागा, आणि मग त्यांना जोडणारा सर्वांत वेगवान रस्ता. राज्य या तिन्हींच्या मधे कुठेतरी राहून जातं. एका राज्याचे सात दिवस विकायचे आणि त्याच्या मधल्या सातशे किलोमीटरला एक ओळ द्यायची, हे मला नुसतं अपुरं वाटत नाही, अन्यायाचं वाटतं.

सेंट्रल व्हॅली म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे सातशे वीस किलोमीटर लांब आणि साठ ते शंभर किलोमीटर रुंद असं सपाट खोरं. पूर्वेला सिएरा नेवाडा, पश्चिमेला किनाऱ्याच्या डोंगररांगा. अमेरिकेत पिकणाऱ्या अन्नातला साधारण पाव हिस्सा इथून जातो, आणि जगातल्या बदामांपैकी बहुतेक बदाम इथलेच. मराठी माणसाला यातला सर्वांत ओळखीचा वाटावा असा पट्टा फ्रेझ्नोच्या दक्षिणेला आहे : फाउलर, सेल्मा, किंग्सबर्ग. हा बेदाण्याचा मुलूख. ऑगस्ट संपत आला आणि द्राक्षांत पुरेशी साखर भरली की मजूर घड कापून दोन ओळींमधल्या मातीवर अंथरलेल्या कागदांवर पसरतात. ओळी मुद्दाम पूर्व-पश्चिम लावलेल्या असतात आणि मधली माती दक्षिणेकडे किंचित उतरती केलेली असते, म्हणजे वेलींची सावली कागदावर कमी पडते आणि ऊन सरळ घडांवर येतं. दोन-तीन आठवडे हे असंच पडून राहतं. मधे एकदा घड पलटतात, मग कागदाच्या गुंडाळ्या करतात आणि त्या गोळा करतात. साधारण चार-साडेचार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सप्टेंबरात अवेळी पाऊस आला की कागदावरच बुरशी धरते आणि वाळू चिकटते, म्हणून या तीन आठवड्यांत इथला प्रत्येक बागायतदार आभाळाकडे बघत असतो. मजूर मिळेनासे झाल्यामुळे आता बऱ्याच बागांत घड वेलीवरच सुकवून यंत्राने झाडून घेतात. पण कागद अंथरलेल्या बागा अजूनही दिसतात, आणि गाडीची काच खाली केली तर गोड, किंचित आंबूस वास आत येतो.

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये उभं राहिलेल्या माणसाने हे बघावं असं मला फार वाटतं. आपल्याकडे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून सावलीत, जाळ्यांवर सुकवतात. त्यामुळे साल लवकर पाणी सोडते आणि हिरवट-पिवळा रंग टिकतो. इथे काही न लावता उघड्या उन्हात, म्हणून रंग तपकिरी-काळा. द्राक्ष मात्र तेच. सांगली-नाशिकला ज्याला सगळे ‘थॉमसन’ म्हणतात त्या बिनबियांच्या वाणाला हे नाव मिळालं ते याच खोऱ्याच्या उत्तर टोकाला, यूबा सिटीच्या परिसरातल्या विल्यम थॉम्पसन या बागायतदारावरून, १८७०च्या दशकात. आणि आपला तास-ए-गणेश हा वाण त्याच थॉमसनमधून निवडलेला. ज्या आई-बाबांचं अर्धं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, त्यांना लॉस एंजेलिसमधल्या फुटपाथवरचे, नटनट्यांच्या नावांचे तारे दाखवायचे आणि या बागांमधून जाताना झोपू द्यायचं, याला काय म्हणावं?

फ्रेझ्नोत, ९९ क्रमांकाच्या महामार्गापासून अगदी जवळ, शॉ अॅव्हेन्यूवर फॉरेस्टिएरे यांच्या भुयारी बागा आहेत. बाल्दासारे फॉरेस्टिएरे हा सिसिलीहून आलेला माणूस. संत्र्या-लिंबांची बाग करायची म्हणून त्याने जमीन घेतली आणि खणल्यावर कळलं की वरच्या मातीखाली दगडासारखा कठीण थर आहे. मुळं आत जाणार नाहीत. मग १९०६ पासून १९४६ साली मरेपर्यंत तो हाताने खणत राहिला. तोच कठीण थर फोडून निघालेल्या तुकड्यांच्या त्याने कमानी बांधल्या, जमिनीखाली खोल्या केल्या, चौक केले, आणि छताला भोकं ठेवून त्याखाली झाडं लावली. लिंबाच्या झाडाचं खोड आपल्या पायाशी आणि शेंडा वर जमिनीच्या पातळीवर, रस्त्यावरच्या माणसाच्या हाताशी. जुलैत फ्रेझ्नोचा पारा चाळिशीला टेकतो. खाली उतरलं की हवा एकदम सुसह्य होते. बागा फक्त मार्गदर्शकासोबत बघता येतात, तासाभराचा वेळ लागतो, आणि हिवाळ्यात काही काळ बंद असतात, म्हणून आधी चौकशी करावी. पायऱ्या आणि उतार आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर काठी बरोबर असू द्यावी.

म्हणजे त्या ‘फक्त प्रवास’ असलेल्या दिवसाचं काय करता येईल? योसेमिटी व्हॅलीतून सकाळी आठला निघून ४१ क्रमांकाच्या रस्त्याने ओकहर्स्टमार्गे खाली यावं. फ्रेझ्नोपर्यंत अडीच तास धरावेत. पहिला दीड तास वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी. अकराच्या सुमारास भुयारी बागा. जेवण फ्रेझ्नोतच, आणि तिथे आर्मेनियन लोकांची जुनी वस्ती असल्याने त्यांच्या बेकरीतला पाव सोडू नये. मग ९९ ने दक्षिणेकडे. सेल्माजवळ महामार्ग सोडून वीस मिनिटं बागांमधल्या सरळ, काटकोनी रस्त्यांवर फिरावं. बागेत मात्र शिरू नये, ती खासगी जमीन आहे आणि फवारणीनंतर ठरावीक काळ आत जायला मनाई असते. पुढे वाट वाकडी करून अॅलन्सवर्थ बघता येतं. कर्नल अॅलन अॅलन्सवर्थ हे गुलामगिरीत जन्मलेले, पुढे सैन्यात अधिकारी झाले आणि १९०८ साली त्यांनी कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेलं आणि चालवलेलं हे गाव उभं केलं. पाणी मिळालं नाही म्हणून गाव ओसरलं. आज तिथली शाळा आणि घरं राज्याने जपली आहेत. तिथून जवळच डिलेनो, जिथे १९६५ साली द्राक्षबागांमधल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्याबरोबर संप सुरू केला आणि काही दिवसांतच सेसार चावेझ यांच्या संघटनेचे मेक्सिकन मजूर त्यात उतरले. मुक्काम बेकर्सफील्डला. एवढं करायचं तर एक रात्र वाढते. तीन वेगवेगळ्या स्टुडिओंच्या सहली असलेल्या आराखड्यातून ती काढणं अवघड नाही.

सॅन फ्रान्सिस्कोहून थेट लॉस एंजेलिसला जाणारे ९९ घेत नाहीत, ते आंतरराज्य महामार्ग ५ घेतात. तो रस्ता खोऱ्याच्या पश्चिम कडेने, गावं टाळून काढलेला आहे. वेग हाच त्याचा हेतू होता. त्यावरून गेलेला माणूस ‘मधे काहीच नाही’ असं सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याला तसाच रस्ता दिलेला असतो. तरी तिथेही एक गोष्ट बघण्यासारखी आहे : रस्त्याच्या कडेने बराच वेळ सोबत करणारा काँक्रीटचा कालवा. उत्तरेचं पाणी तो दक्षिणेला नेतो, आणि खोऱ्याच्या टोकाला टेहाचपी डोंगरांपाशी पंप ते पाणी जवळजवळ सहाशे मीटर वर चढवतात. लॉस एंजेलिसच्या हॉटेलातल्या नळाला येणाऱ्या पाण्यात ते असू शकतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या जुलैतल्या धुक्याचं कारणही याच खोऱ्यात आहे.

उन्हाळ्यात खोरं तापतं, हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड, ओली हवा आत खेचली जाते. डोंगररांगेत मोठी फट एकच, गोल्डन गेटची. त्यामुळे तो पूल बघायला आपली माणसं ज्या महिन्यांत येतात, नेमक्या त्याच महिन्यांत तो अनेकदा अर्धा बुडालेला असतो. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारी माणसं पाहुण्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात बोलावतात ते यासाठी. आराखड्यात मात्र महिना कुठेच नसतो. तो बारा महिने तोच. योसेमिटीचंही तसंच. माहितीपत्रकावर ७३९ मीटर उंचीचा योसेमिटी धबधबा दुथडी कोसळताना दिसतो. तो फोटो मे महिन्यातला. या धबधब्यामागचं पाणलोट क्षेत्र उघड्या ग्रॅनाइटचं आहे, पाणी धरून ठेवायला माती फारशी नाही. बर्फ वितळला की पाणी संपलं. ऑगस्टमध्ये तिथे बहुधा ओली रेघ किंवा नुसता कडा दिसतो. त्या महिन्यात जाणाऱ्याने व्हर्नल धबधब्याकडे जावं, तो मर्सेड नदीवर असल्यामुळे वाहत राहतो. तो जिथून दिसतो त्या पुलापर्यंतची चढण छोटी पण खडी आहे. योसेमिटीतून पूर्वेला उतरणारी टायोगा खिंड तीन हजार मीटरहून उंच, साधारण नोव्हेंबर ते मे अखेर, कधी जून उलटेपर्यंत बंद. तरी ‘योसेमिटी, मग डेथ व्हॅली’ असं एकाच दिवसात लिहिलेले आराखडे डिसेंबरात विकले जातात. किनाऱ्याच्या १ क्रमांकाच्या रस्त्यावर दरड कोसळणं नित्याचं. २०१७ मध्ये मड क्रीकला कोसळली तेव्हा रस्ता २०१८ च्या जुलैपर्यंत बंद होता. निघण्याच्या आदल्या दिवशी राज्याच्या वाहतूक विभागाचा नकाशा बघणं हे तिथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेलं असतं. आणि हिवाळ्यात खोऱ्यात टुली धुकं असतं : पावसानंतरच्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगत ते साचतं आणि समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनासे होतात. अशा सकाळी ९९ वर अकराच्या आधी निघू नये.

वेगवान रस्ता राज्याबद्दल कसं चुकीचं मत बनवतो याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र नेब्रास्काचं आहे. आपल्याकडचे आराखडे तिथे जातच नाहीत, पण शिकागोहून डेन्व्हरकडे गाडीने निघालेली मराठी कुटुंबं आंतरराज्य ८० ने ते राज्य आडवं पार करतात. सुमारे ३५० मैल, आणि शेवटी एकच शब्द : सपाट. रस्ता सपाट आहे कारण तो प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जातो. १८४०च्या दशकातल्या बैलगाड्यांच्या तांड्यांनी तीच वाट धरली, कारण चढ नव्हता आणि पाणी होतं. १८६०च्या दशकात रेल्वेने तीच धरली. मग महामार्गानेही. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षं प्रत्येक परक्या माणसाला त्या राज्यातली सर्वांत सपाट पट्टी निवडून दाखवली गेली आहे. ग्रँड आयलंडहून २ क्रमांकाच्या रस्त्याने वायव्येला वळलं तर सँडहिल्स लागतात : गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, जवळजवळ पन्नास हजार चौरस किलोमीटर, मधेमधे निळी तळी, आणि मैलोन्मैल एखादंच गुरांचं कुरण. तिथे पेट्रोल पंप दिसला की टाकी भरून घ्यावी, अर्धी आहे म्हणून पुढे जाऊ नये. फोनला रेंज राहील हेही धरून चालू नये.

आणि मार्च असेल तर तीच ‘कंटाळवाणी’ प्लॅट नदी सोडून कुठे जाऊ नये. कार्नीच्या आसपास सँडहिल क्रेन, म्हणजे करकोच्याएवढे मोठे राखाडी क्रौंच, पाच लाखांहून अधिक संख्येने उतरतात. रात्री ते नदीच्या उथळ, अनेक धारांत फुटलेल्या पात्रात उभे राहतात, कारण पाण्यातून येणाऱ्या कोल्ह्याची चाहूल लागते. दिवसा कापलेल्या मक्याच्या शेतांत सांडलेले दाणे वेचतात आणि उत्तरेच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतात. ते बघायला लाकडी आडोसे बांधलेले आहेत, त्यांचं आरक्षण आधी करावं लागतं. सूर्योदयाच्या तासभर आधी आत बसायचं, फ्लॅश नाही, फोनचा उजेड नाही, आणि पक्षी उडेपर्यंत बाहेर पडायचं नाही. पहाटेचं तापमान शून्याखाली असू शकतं, म्हणून पायांत दोन मोजे घालावेत. गारठा लाकडी फळीतून वर येतो. पैसे खर्च करायचे नसतील तर फोर्ट कार्नीजवळच्या जुन्या रेल्वेपुलावर संध्याकाळी उभं राहावं. राज्याच्या उद्यानाचा गाडीचा परवाना तेवढा घ्यावा लागतो.

अॅरिझोनाची गोष्ट थोडक्यात सांगता येईल, कारण ती बहुतेक वेळा नेवाडातून विकली जाते. लास वेगसच्या मुक्कामात ‘ग्रँड कॅन्यन’ म्हणून जी अर्ध्या दिवसाची सहल असते ती बहुधा पश्चिम टोकाची, जिथे २००७ मध्ये काचेचा स्कायवॉक झाला. ती जमीन वालापाई जमातीची आहे. राष्ट्रीय उद्यान ते नव्हे, आणि उद्यानाचा पास तिथे चालत नाही. तिथे जाऊ नये असं नाही, पण आपण कुणाच्या जमिनीवर, कुणाचे पाहुणे म्हणून आलो आहोत हे आराखड्यात लिहिलेलं असावं. फोटोंत दिसणारा तो रुंद, थरांचा देखावा दक्षिण कड्यावरचा. वेगसहून साडेचार तास. शिवाय अॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही आणि नावाहो राष्ट्र, म्हणजे नावाहो जमातीचा स्वशासित प्रदेश, करतं, त्यामुळे त्यातल्या मॉन्युमेंट व्हॅलीची वेळ आणि त्याबाहेरच्या पेज गावाची वेळ यांत तासाचा फरक पडतो. फोन आपोआप कुठली वेळ दाखवेल याचा भरवसा नाही. तिकीट काढतानाच कोणती वेळ ते विचारून लिहून ठेवावं.

पूर्वेकडची बस न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, हर्शीचं चॉकलेट, वॉशिंग्टन, कॉर्निंगचं काचेचं संग्रहालय आणि नायगारा अशी फिरते. न्यूयॉर्क राज्यात अॅडिरॉन्डॅक नावाचं साठ लाख एकरांचं उद्यान आहे हे तिच्यातून कधीच कळत नाही. पण नायगाराबद्दल एक गोष्ट तिथल्या लोकांना ठाऊक असते. १९५० च्या अमेरिका-कॅनडा करारानुसार पर्यटनाच्या हंगामात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी सोडावं लागतं. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं सोडलं तरी चालतं, बाकीचं वीजनिर्मितीला वळवतात. म्हणजे तिथे धबधब्यालाही पाहुण्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे वागावं लागतं.

आता स्थानिकांचं सगळंच प्रमाण मानावं का? मला तसं वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत तीस वर्षं राहिलेल्या कितीतरी माणसांनी फ्रेझ्नोत पाय ठेवलेला नसतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट किंवा न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं मराठी घर आपल्या परिसराबद्दल जीव तोडून सांगेल : कुठल्या देवळात रविवारी प्रसादाचं जेवण असतं, मराठी शाळा कुठे भरते, कुठल्या तळ्याभोवती आईला सपाट चालता येतं. हेही राज्यच आहे, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांच्या वाट्याला तेच जास्त येतं. पण राज्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल तेही आराखड्याइतकेच अनभिज्ञ असतात. शिवाय ‘काय बघू?’ असं विचारलं की स्थानिक माणूस पाहुण्याला आवडेल असं वाटणारंच सांगतो, म्हणजे पुन्हा तीच यादी. प्रश्न बदलले तर उत्तरं बदलतात. पाहुणे चौथ्या दिवशीही घरी असले तर कुठे नेता? तुमच्याकडे कुठल्या महिन्यात बाहेर पडावंसं वाटतं? घाई नसेल तेव्हा कुठल्या रस्त्याने जाता? आणि शाळेची सहल कुठे जाते? या शेवटच्या प्रश्नाला फारच चांगली उत्तरं येतात, कारण आपलं राज्य मुलांना कसं सांगायचं हे तिथल्या शिक्षकांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

एकच दिवस हाताशी असेल आणि उन्हाळा सरत आला असेल, तर मी राज्याची किंवा काउंटीची जत्रा सुचवेन. आयोवाची डे मॉइनला ऑगस्टमध्ये भरते, लोण्यात घडवलेली गाय तिथे १९११ पासून आहे. मिनेसोटाची लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी संपते. टुलेरी काउंटीची सप्टेंबरात आणि फ्रेझ्नोची ऑक्टोबरात. पाळण्यांकडे आणि तळलेल्या खाण्याकडे दुपारनंतर वळावं. सकाळी आधी गोठ्यांत जावं, शनिवार-रविवार टाळून, ऊन चढायच्या आत. शाळकरी मुलं वर्षभर वाढवलेली मेंढरं, डुकरं, वासरं घेऊन परीक्षकांसमोर उभी असतात : पांढरे सदरे, हातात ब्रश, जनावराची मान वर धरलेली. निळी फीत पहिल्याला, लाल दुसऱ्याला. त्यांना खाद्य काय, किती, वजन किती वाढलं असं विचारलं तर ती अगदी मन लावून सांगतात. शेतकरी घरातल्या आजोबांना भाषा अडत नाही. शेजारच्या दालनात घरचे मुरंबे, लोणची आणि गोधड्या मांडलेल्या असतात. जनावरांच्या लिलावाचा दिवस वेगळा असतो, तो जत्रेच्या वेळापत्रकात बघून घ्यावा. त्या दिवशी गावातले दुकानदार बाजारभावापेक्षा चढी बोली लावून मुलांची जनावरं घेतात, आणि ते पैसे अनेकदा त्या मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला पडतात.